फिरोज गांधी

फिरोज जहांगीर गांधी (जन्म : मुंबई, १२ सप्टेंबर १९१२; मृत्यू : नवी दिल्ली, ८ सप्टेंबर १९६०) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, वृत्तपत्र व्यवस्थापक आणि संसदपटू होते. हंगामी संसदेचे आणि त्यानंतर पहिल्या व दुसऱ्या लोकसभेचे ते सदस्य होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे ते जावई, इंदिरा गांधी यांचे पती आणि राजीव गांधी व संजय गांधी यांचे वडील होत. या नात्यांमुळे त्यांचे नाव सर्वांना परिचित असले, तरी भारतीय संसदेच्या इतिहासातील त्यांचे स्थान त्यांच्या स्वतंत्र कार्यावर उभे आहे. काँग्रेस या सत्ताधारी पक्षाचे सदस्य असूनही त्यांनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशाच्या गैरवापराचे प्रकरण १९५७ साली लोकसभेत मांडले. मुंदडा प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेमुळे केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना १९५८ साली राजीनामा द्यावा लागला. खात्यात घडलेल्या गैरकृत्याची जबाबदारी मंत्र्याची असते, हे तत्त्व स्वतंत्र भारतात ठळकपणे प्रस्थापित करणारे हे प्रकरण मानले जाते.

जन्म आणि बालपण

फिरोज यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर हे सागरी अभियंता होते. आईचे नाव रतिमाई असे होते. कुटुंब मूळचे गुजरातमधील भडोचचे. मुंबईत ते खेतवाडी भागात राहत असे. पाच भावंडांत फिरोज सर्वांत धाकटे होते. कुटुंबाच्या आडनावाचे मूळ इंग्रजी लेखन वेगळे होते. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात ते महात्मा गांधींच्या आडनावाप्रमाणे लिहिले जाऊ लागले. महात्मा गांधींशी त्यांचे कोणतेही रक्ताचे नाते नव्हते.

वडिलांच्या निधनानंतर फिरोज आईबरोबर अलाहाबादला आले. तेथे त्यांच्या अविवाहित मावशी डॉ. शिरीन कमिसारिएट या लेडी डफरिन रुग्णालयात शल्यचिकित्सक होत्या. फिरोज यांचे शालेय शिक्षण अलाहाबादच्या विद्यामंदिर शाळेत झाले आणि पुढे ते इविंग ख्रिश्चन महाविद्यालयात दाखल झाले.

स्वातंत्र्यचळवळ

१९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत काँग्रेसच्या महिला स्वयंसेविकांनी इविंग ख्रिश्चन महाविद्यालयासमोर निदर्शने केली. त्यांत जवाहरलाल नेहरूंच्या पत्नी कमला नेहरू अग्रभागी होत्या. उन्हाच्या तडाख्याने त्यांना भोवळ आली. त्या वेळी मदतीस धावलेल्या विद्यार्थ्यांमध्ये फिरोज होते. या प्रसंगानंतर त्यांनी शिक्षण सोडून चळवळीत उडी घेतली. त्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि फैजाबादच्या तुरुंगात ठेवण्यात आले. लालबहादूर शास्त्री हे तेथे त्यांचे सहबंदी होते. सुटकेनंतर ते संयुक्त प्रांतातील शेतकऱ्यांच्या करबंदी-साराबंदी चळवळीत सहभागी झाले. १९३२ आणि १९३३ या वर्षांतही त्यांना कारावास भोगावा लागला.

या काळात नेहरू कुटुंबाशी, विशेषतः कमला नेहरूंशी, त्यांचा स्नेह वाढला. कमला नेहरूंना क्षयरोग झाला तेव्हा भोवाली येथील आरोग्यधामात आणि नंतर युरोपात फिरोज त्यांच्या शुश्रूषेसाठी जात असत. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमला नेहरूंचे निधन झाले, त्या वेळीही ते तेथे उपस्थित होते. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्ययन केले आणि व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगच्या कामात भाग घेतला. १९४१ साली ते इंदिरा नेहरू यांच्यासह भारतात परतले.

विवाह

२६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादच्या आनंदभवनात फिरोज आणि इंदिरा यांचा वैदिक पद्धतीने विवाह झाला. वधू हिंदू आणि वर पारशी असल्यामुळे या विवाहावर देशभर टीका झाली. महात्मा गांधींनी मात्र विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. विवाहाला सहा महिने होतात न होतात तोच, भारत छोडो आंदोलनात पतिपत्नी दोघांनाही अटक झाली. फिरोज सुमारे वर्षभर तुरुंगात होते. २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत राजीव यांचा आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत संजय यांचा जन्म झाला.

१९४६ साली फिरोज यांच्याकडे लखनौ येथील नॅशनल हेरल्ड या दैनिकाच्या व्यवस्थापकीय संचालकपदाची जबाबदारी आली. नेहरूंनी १९३८ साली सुरू केलेले हे दैनिक कायम आर्थिक ओढाताणीत असे. छापखाना, कागद, जाहिराती आणि हिशेब यांचा फिरोज यांना येथे जवळून परिचय झाला. कंपन्यांचे ताळेबंद बारकाईने वाचण्याची त्यांची सवय पुढे संसदेत त्यांच्या उपयोगी पडली.

संसदेत प्रवेश

१९५० ते १९५२ या काळात फिरोज गांधी हंगामी संसदेचे सदस्य होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातील रायबरेली परिसरातून लोकसभेवर निवडून आले. १९५७ साली रायबरेलीतूनच ते पुन्हा विजयी झाले.

पहिल्या लोकसभेची सुरुवातीची साडेतीन वर्षे ते सभागृहात जवळजवळ मौन राहिले. मागच्या बाकावर बसणारे, पंतप्रधानांचे जावई एवढीच त्यांची ओळख होती. डिसेंबर १९५५ मध्ये विमाविषयक विधेयकावर केलेल्या भाषणाने ही ओळख बदलली.

दालमिया प्रकरण आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण

त्या काळी आयुर्विम्याचा व्यवसाय खासगी कंपन्यांच्या हातात होता. विमेदारांनी वर्षानुवर्षे भरलेल्या हप्त्यांतून कंपन्यांकडे मोठा निधी जमत असे आणि काही उद्योगसमूह तो आपल्या इतर उद्योगांसाठी वापरत असत. फिरोज गांधी यांनी उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचे उदाहरण सभागृहापुढे ठेवले. विमेदारांचा पैसा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत कसा फिरवला जातो, हे त्यांनी आकडेवारीनिशी उलगडून दाखवले. भाषणात आरोपांपेक्षा तपशील अधिक होते आणि त्यामुळेच त्याचा परिणाम मोठा झाला.

पुढे दालमिया यांच्यावर या कंपनीच्या दोन कोटी रुपयांहून अधिक निधीच्या अपहाराचा खटला चालला. त्यांना कारावासाची शिक्षा झाली व १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांच्या चौकशीसाठी सरकारने डिसेंबर १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पुढे हे काम न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्याकडे गेले.

१९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश काढून सरकारने आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. संसदेने त्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या. सरकारने महामंडळाला ५ कोटी रुपयांचे भांडवल दिले. राष्ट्रीयीकरणाची इतर कारणेही होती. परंतु खासगी विमा कंपन्यांविषयी जनमत तयार करण्यात फिरोज गांधी यांच्या भाषणाचा वाटा मोठा होता.

संसदीय कामकाजाच्या प्रसिद्धीचा कायदा

दालमिया प्रकरण मांडताना फिरोज गांधी यांच्या एक विसंगती लक्षात आली. राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदानुसार खासदाराला सभागृहातील भाषणाबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण होते. तेच भाषण वृत्तपत्राने छापले, तर मात्र संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत असे. याचा अर्थ, संसदेत कोणी काय सांगितले हे मतदारापर्यंत पोहोचवणे जोखमीचे होते. खासदार निर्भयपणे बोलला, तरी त्याचे बोलणे सभागृहाच्या भिंतींत अडकून पडण्याची शक्यता होती.

त्यांनी याविषयी खासगी विधेयक मांडले. संसदीय कामकाजाचा साधारणतः खरा वृत्तान्त कोणत्याही दुष्ट हेतूविना प्रसिद्ध केला, तर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, अशी त्यात तरतूद होती. संसदेने ते १९५६ साली संमत केले. संसदीय कामकाज (प्रसिद्धीस संरक्षण) अधिनियम असे त्याचे नाव असले, तरी तो फिरोज गांधी कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. खासगी सदस्याने मांडलेल्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होणे भारतात दुर्मीळ आहे. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके संमत झाली आणि १९७० नंतर एकही नाही.

मुंदडा प्रकरण

पार्श्वभूमी

हरिदास मुंदडा हे कोलकात्यातील व्यावसायिक होते. विजेचे दिवे विकण्यापासून सुरुवात करून, शेअर बाजारातील सट्ट्याच्या बळावर त्यांनी अनेक जुन्या ब्रिटिश कंपन्यांवर ताबा मिळवला होता. १९५७ च्या मध्यास ते आर्थिक अडचणीत आले. बँकांची कर्जे थकली होती आणि त्यांच्या कंपन्यांच्या शेअरविषयी बाजारात संशयाचे वातावरण होते.

जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर थेट त्यांच्याकडून विकत घेतले. रिचर्डसन अँड क्रूडास, जेसप अँड कंपनी, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशी या कंपन्यांची नावे होती. व्यवहाराची रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये होती.

व्यवहारात अनेक गोष्टी खटकणाऱ्या होत्या. महामंडळाने कोठे पैसे गुंतवावेत याविषयी सल्ला देण्यासाठी अनुभवी व्यक्तींची एक गुंतवणूक समिती होती, पण या खरेदीपूर्वी तिला विचारण्यात आले नाही. व्यवहाराच्या आधीच्या दिवसांत यांतील काही शेअरचे भाव चढलेले होते आणि महामंडळाने त्या चढ्या दराने खरेदी केली. बाजारातून हळूहळू खरेदी करण्याऐवजी अडचणीत आलेल्या एकाच व्यक्तीकडून मोठा साठा घेण्यात आला. धोरणविषयक निर्देश सरकारने महामंडळाला लेखी द्यावेत, असे आयुर्विमा महामंडळ अधिनियमाचे २१ वे कलम सांगत होते. असा कोणताही लेखी निर्देश नव्हता.

लोकसभेतील चर्चा

सप्टेंबर १९५७ मध्ये खासदार डॉ. रामसुभग सिंह यांच्या प्रश्नातून हा विषय प्रथम लोकसभेत आला. मंत्र्यांच्या उत्तरांतून फारसे काही स्पष्ट झाले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रश्न पुन्हा उपस्थित झाले. तोपर्यंत फिरोज गांधी यांनी कंपन्यांची कागदपत्रे आणि शेअर बाजारातील दैनंदिन भाव जमा केले होते.

१६ डिसेंबर १९५७ रोजी त्यांनी लोकसभेत या विषयावरील चर्चेला प्रारंभ केला. त्यांच्या भाषणाचा रोख दोन गोष्टींवर होता. पहिली गोष्ट व्यवहाराच्या हेतूची. कोलकात्याचा घसरता शेअर बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असे समर्थन पुढे येत होते. फिरोज गांधी यांनी भाव आणि तारखा समोर ठेवून या समर्थनात तथ्य नसल्याचे दाखवले. बाजार सावरायचा असता, तर एकाच माणसाच्या कंपन्यांची निवड का झाली, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत होती. महामंडळ स्वायत्त आहे, तेव्हा त्याच्या गुंतवणुकीबद्दल मंत्र्याला जाब विचारता येत नाही, असा एक बचाव होता. फिरोज गांधी यांची भूमिका याच्या उलट होती. महामंडळ संसदेनेच निर्माण केले आहे, त्यातील पैसा लक्षावधी सामान्य विमेदारांचा आहे आणि म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवणे हे संसदेचे कर्तव्यच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. महामंडळाची निर्मिती ज्या युक्तिवादातून झाली, तोच युक्तिवाद ते येथे पुढे नेत होते. खासगी मालकांच्या हातून विमेदारांचा पैसा सोडवून तो सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवायचा असेल, तर राष्ट्रीयीकरणाचा अर्थच उरत नव्हता.

या प्रसंगी फिरोज गांधी यांची स्थिती नाजूक होती. कृष्णम्माचारी हे नेहरूंचे विश्वासू सहकारी होते आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अर्थकारणाची धुरा त्यांच्यावर होती. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाले, तर मंत्रिमंडळाची आणि पर्यायाने फिरोज यांच्या सासऱ्यांचीच प्रतिष्ठा पणाला लागणार होती. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. विरोधी बाकांवरील सदस्यांप्रमाणेच काँग्रेसच्या काही सदस्यांनीही चौकशीची मागणी उचलून धरली. अखेर सरकारने चौकशी मान्य केली.

छागला आयोग

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. छागला यांनी चौकशी मुंबईत आणि उघडपणे घेतली. सुनावणी ऐकण्यासाठी इतकी गर्दी होऊ लागली, की बाहेर थांबलेल्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केले.

अर्थमंत्री कृष्णम्माचारी, अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत, व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार आणि खुद्द मुंदडा यांच्या साक्षी झाल्या. पदावर असलेला केंद्रीय अर्थमंत्री साक्षीदार म्हणून न्यायमूर्तींच्या प्रश्नांना उत्तरे देत आहे, हे दृश्य देशाला नवे होते. मुख्य वाद मंत्री आणि सचिव यांच्यातील होता. व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती, असे सचिवांचे म्हणणे होते. आपण अशी संमती दिली नव्हती, अशी मंत्र्यांची भूमिका होती.

महिन्याभराच्या आतच, १० फेब्रुवारी १९५८ रोजी, छागला यांनी अहवाल सादर केला. हा व्यवहार व्यापारी तत्त्वांना धरून नव्हता आणि विमेदारांच्या हितासाठी केलेला नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष होता. सचिवांच्या वर्तनावर त्यांनी ताशेरे ओढले. तथापि संसदीय शासनपद्धतीत सचिवाच्या कृतीची जबाबदारी घटनात्मकदृष्ट्या मंत्र्याचीच असते आणि मंत्र्याला सचिवाच्या आड लपता येत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले.

अहवालात काही मार्गदर्शक तत्त्वेही होती. त्यांचा आशय असा :
- स्वायत्त महामंडळांच्या कामकाजात सरकारने ढवळाढवळ करू नये. निर्देश द्यायचे असल्यास ते लेखी द्यावेत.
- आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थांच्या प्रमुखपदी अर्थव्यवहाराचा अनुभव असलेल्या व्यक्ती असाव्यात.
- महामंडळाचा निधी केवळ विमेदारांच्या हितासाठी वापरावा. अन्य कोणत्याही हेतूने गुंतवणूक करायची असल्यास ती व्यापक राष्ट्रहिताचीच असावी.
- मंत्र्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या कृतीची पूर्ण जबाबदारी स्वीकारावी.
- मंत्र्याने संसदेला लवकरात लवकर विश्वासात घेऊन सर्व माहिती द्यावी.

यांपैकी शेवटचे तत्त्व फिरोज गांधी यांनी सुरू केलेल्या चर्चेशी थेट जोडलेले होते. पहिल्याच प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळाले असते, तर प्रकरणाने वेगळे वळण घेतले असते.

अर्थमंत्र्यांचा राजीनामा आणि परिणाम

फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. अहवालातील निष्कर्ष त्यांना मान्य नव्हते आणि लोकसभेतील निवेदनात त्यांनी आपली बाजू मांडली. नेहरूंनी राजीनामा खेदपूर्वक स्वीकारला. अर्थसंकल्प काही दिवसांवर आला असल्याने अर्थखाते नेहरूंनी स्वतःकडे घेतले आणि २८ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांनीच लोकसभेत अर्थसंकल्प मांडला. अर्थसंकल्प मांडणारे ते पहिले पंतप्रधान ठरले. मार्च महिन्यात मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले.

अधिकाऱ्यांच्या वर्तनाची पुढील चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने केली. मुंदडा यांना अटक झाली आणि त्यांच्यावरील खटल्यांत त्यांना कारावास भोगावा लागला. एच. एम. पटेल शासकीय सेवेतून बाहेर पडले. १९७७ साली जनता पक्षाच्या सरकारात तेच केंद्रीय अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारी यांचेही राजकीय पुनरागमन झाले. १९६२ साली ते मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले.

या प्रकरणाविषयी मतभेदही आहेत. कृष्णम्माचारी यांनी वैयक्तिक लाभ घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते. चौकशी अतिशय वेगाने उरकल्यामुळे त्यांना बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असे त्यांचे समर्थक म्हणत. उघड सुनावणीमुळे सनदी अधिकारी निर्णय घेण्यास कचरू लागतील, अशीही भीती व्यक्त झाली. याउलट, वैयक्तिक लाभ नसतानाही मंत्र्याला पद सोडावे लागले, यातच या प्रकरणाचे महत्त्व आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. कारण जबाबदारीचे तत्त्व मंत्र्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नसते. त्याच्या अधिकारात घडलेल्या गोष्टींशी ते बांधलेले असते.

अन्य संसदीय कार्य

फिरोज गांधी यांच्या टीकेतून त्यांचे स्वतःचे पारशी बांधवही सुटले नाहीत. टाटा समूहाची टेल्को ही कंपनी रेल्वेला जपानी इंजिनांच्या सुमारे दुप्पट किमतीला इंजिने पुरवते, याकडे लक्ष वेधून त्यांनी तिच्या राष्ट्रीयीकरणाची सूचना केली. पारशी समाजात त्यामुळे खळबळ माजली.

१९५९ साली केरळमधील ई. एम. एस. नंबूद्रीपाद यांचे निर्वाचित कम्युनिस्ट सरकार बरखास्त करण्यात आले. त्या वेळी काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या आणि त्या बरखास्तीच्या बाजूने होत्या. निवडून आलेले सरकार अशा रीतीने हटवणे फिरोज गांधी यांना मान्य नव्हते आणि त्यांनी आपला विरोध लपवला नाही. इंडियन ऑइल कंपनीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. सार्वजनिक क्षेत्राचा त्यांनी कायम पुरस्कार केला. सार्वजनिक उद्योगांतील गैरप्रकारांवर ते कठोर टीका करत, ती याच निष्ठेपोटी.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांची बसण्याची एक ठरलेली जागा होती. निरनिराळ्या पक्षांचे खासदार आणि पत्रकार तेथे त्यांच्याभोवती जमत. कोणत्याही विषयावर बोलण्यापूर्वी ते कागदपत्रांचा कसून अभ्यास करत. सभागृहात ते मोजकेच बोलत, पण बोलायला उभे राहिले की मंत्री सावध होत, अशी त्यांची ख्याती होती.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

नेहरू पंतप्रधान झाल्यानंतर इंदिरा गांधी मुलांसह पित्याच्या निवासस्थानी राहू लागल्या आणि तेथील व्यवस्था पाहू लागल्या. फिरोज मात्र खासदारांसाठीच्या बंगल्यात वेगळे राहत. पतिपत्नींमध्ये काही काळ दुरावा निर्माण झाला होता. बागकाम, विशेषतः गुलाबांची लागवड, आणि सुतारकाम यांची फिरोज यांना आवड होती. मुलांना हत्यारे हाताळायला आणि यंत्रे खोलून पुन्हा जोडायला त्यांनीच शिकवले.

१९५८ साली त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्या वेळी इंदिरा गांधी नेहरूंसह भूतानच्या दौऱ्यावर होत्या. प्रकृती सुधारल्यानंतर हे कुटुंब काही आठवडे काश्मीरमध्ये एकत्र राहिले. सप्टेंबर १९६० मध्ये दुसरा झटका आला. दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात ८ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. त्यांच्यावर दिल्लीत अग्निसंस्कार झाले आणि अस्थींचा काही भाग अलाहाबादच्या पारशी दफनभूमीत पुरण्यात आला.

वारसा

रायबरेली मतदारसंघाचे पुढे इंदिरा गांधी आणि नंतर सोनिया गांधी यांनी प्रतिनिधित्व केले. रायबरेलीतील फिरोज गांधी महाविद्यालय आणि ऊंचाहार येथील औष्णिक वीजप्रकल्प त्यांच्या नावाने ओळखले जातात. स्वीडिश पत्रकार बर्टिल फाल्क यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र २०१६ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी संमत करून घेतलेल्या कायद्याचा पुढील प्रवास लक्षणीय आहे. जून १९७५ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि त्याच वर्षअखेरीस अध्यादेशाद्वारे हा कायदा रद्द करण्यात आला. १९७६ साली संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. खासदाराचे भाषण छापल्याबद्दल वृत्तपत्राला मिळणारे वैधानिक संरक्षण अशा प्रकारे नाहीसे झाले. १९७७ साली सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने हा कायदा पुन्हा आणला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने ३६१क हा अनुच्छेद राज्यघटनेत समाविष्ट केला आणि या संरक्षणाला घटनात्मक दर्जा मिळाला. त्यामुळे साध्या कायद्याने किंवा अध्यादेशाने ते काढून घेणे आता शक्य राहिलेले नाही.

मुंदडा प्रकरणानंतर देशात अनेक आर्थिक घोटाळे गाजले, चौकशी आयोग नेमले गेले आणि मंत्र्यांचे राजीनामे मागितले गेले. अशा प्रत्येक वेळी मंत्र्याच्या जबाबदारीची चर्चा छागला आयोगाच्या अहवालापाशी येऊन पोहोचते. प्रश्न विचारल्यापासून पाच-सहा महिन्यांत चौकशी, अहवाल आणि राजीनामा हे सारे पूर्ण होणे नंतरच्या काळात क्वचितच घडले. हा प्रश्न लावून धरणारा सदस्य सत्ताधारी पक्षाचा होता, ही गोष्ट तर त्याहूनही विरळ आहे.